कोथरूडचा स्टुडिओ दुबईत नेताना: फिटनेस फ्रँचायझी कशी उभी करायची

बहुतेक वेळा सुरुवात एका व्हॉट्सॲप मेसेजने होते. दोन वर्षं पहाटे साडेसहाच्या बॅचला न चुकता येणारा मेंबर नोकरीसाठी दुबईला जातो. तिथलं जिम त्याला पटत नाही. मग एका रात्री मेसेज येतो, "सर, इथे आपला क्लास सुरू करू या का? जागा मी बघतो, पैसेही मी घालतो." वाचून ऊर भरून येतो आणि तो यायलाच हवा. पण या मेसेजला लगेच 'हो' म्हणू नका. दोनेक वर्षांनी निर्धास्तपणे 'हो' म्हणता यावं यासाठी काय काय करून ठेवायचं, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणासाठी कोथरूडमधला एक स्टुडिओ धरू: १,४०० चौरस फूट जागा, ४५ मिनिटांचा फंक्शनल ट्रेनिंगचा (उठणं, वाकणं, उचलणं अशा रोजच्या हालचालींवर आधारलेल्या व्यायामाचा) क्लास, एका बॅचला सोळा जण.

हा रस्ता पुण्याला नवा नाही. मॉडेल कॉलनीतली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ सालची. बी. के. एस. अय्यंगारांची पद्धत जगभर पोचली ती शिक्षकांच्या जोरावर. त्यांचं नाव लावून शिकवायचं तर आधी वर्षानुवर्षं स्वतः शिकायचं, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र मिळवायचं आणि ते टिकवायचं. ही धंद्याची फ्रँचायझी नाही. तरी फ्रँचायझीला जे सगळ्यात जास्त लागतं, म्हणजे मूळ गुरू हजर नसताना वर्ग तसाच होणं, ते तिथे फार आधी साधलेलं आहे.

फ्रँचायझी घेणारा माणूस, म्हणजे तुमचा पार्टनर, तुमच्याकडून दोनच गोष्टी विकत घेतो. तुम्ही नसतानाही क्लास तसाच होईल याची खात्री, आणि तुमची रॉयल्टी, म्हणजे नाव आणि पद्धत वापरण्याबद्दल दरमहा द्यायचा जमेतला हिस्सा, दिल्यावरही त्याच्या हातात चार पैसे उरतील याची खात्री. खालची प्रत्येक पायरी या दोन्हींच्या कसोटीवर घासून बघा.

पायरी १: एक महिना स्टुडिओत जाऊ नका

खरंच जाऊ नका. फोनवरूनही क्लास चालवू नका. महिन्याच्या शेवटी तीन आकडे काढा. प्रत्येक ट्रेनरच्या बॅचची हजेरी, त्या महिन्यात मुदत संपलेल्यांपैकी किती जणांनी रिन्युअल केलं, आणि ट्रायलला आलेल्यांपैकी किती जणांनी फी भरली. हे आकडे आधीच्या तीन महिन्यांशेजारी ठेवा.

सकाळच्या बॅचचे लोक "सर कधी येणार?" असं विचारत राहिले आणि रिन्युअल घसरलं, तर लोक तुमच्यासाठी येतात असा त्याचा अर्थ. शिक्षक म्हणून हे मोठंच यश आहे, पण ते दुसऱ्याला विकता येत नाही. मग पुढचे सहा महिने एकच काम करायचं: तुमचे क्लास हळूहळू दोन ट्रेनरच्या हाती सोपवायचे आणि आपण मागच्या रांगेत उभं राहून बघायचं. अनेक संस्थापकांना ही पायरी जड जाते, कारण शिकवणं हाच त्यांचा आनंद असतो. तो आनंद मग ट्रेनर घडवण्यात शोधावा लागतो. ते जमत नसेल तर एकच स्टुडिओ उत्तम चालवणं हाही पूर्ण सन्मानाचा धंदा आहे.

पायरी २: एका स्टुडिओचा हिशेब, पार्टनरच्या नजरेतून

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आपल्या वहीत स्टुडिओ फायद्यात दिसतो, कारण आपण स्वतःला पगार लावत नाही. पार्टनरला मॅनेजर ठेवावा लागेल, शिवाय तुम्हाला रॉयल्टी द्यावी लागेल.

कोथरूडच्या उदाहरणात १७० मेंबर आहेत आणि महिन्याला सरासरी ३,२०० रुपये फी पडते. जमा झाले ५,४४,००० रुपये. यात ५ टक्के जीएसटी धरलेला आहे, तो काढला की ५,१८,००० उरतात. आता खर्च. भाडं १,१०,००० आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून १,२९,८००. चार ट्रेनरचे १,४०,०००. डेस्क आणि सफाई ३८,०००. वीज २२,०००. जाहिरात २५,०००. सॉफ्टवेअर, संगीताचा परवाना, दुरुस्ती आणि किरकोळ ३०,०००. बेरीज ३,८४,८००. हाती उरले साधारण १,३३,०००. छान वाटतं.

आता मॅनेजरचे ४५,००० घाला. ७ टक्के रॉयल्टी म्हणजे ३६,२६०, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून जवळपास ४२,८००. पार्टनरच्या हातात उरले ४५,४०० रुपये. इंटिरियर, रबर फ्लोअरिंग, साधनं, डिपॉझिट मिळून त्याने ३२ लाख घातले असतील, तर ते फिटायला पावणेसहा वर्षांहून जास्त लागतील. तोवर जागेचा करारही संपलेला असेल.

हाच स्टुडिओ २१० मेंबरवर चालवून बघा. जीएसटी वगळून जमा ६,४०,०००. एक ट्रेनर वाढवला, त्याचे ३५,०००. मॅनेजर, रॉयल्टी सगळं देऊन १,२२,००० च्या वर उरतात आणि ३२ लाख सव्वादोन वर्षांत फिटतात. फक्त चाळीस मेंबरांचा फरक! रोज आठ बॅच, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७६८ जागा. २१० जण आठवड्याला तीनदा आले तर ६३० जागा भरतात, म्हणजे ८२ टक्के. १७० वर हेच प्रमाण ६६ टक्के होतं. तेव्हा फ्रँचायझी विकायला काढण्याआधी दुपारच्या रिकाम्या बॅचचं काय करायचं, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. ज्येष्ठांसाठी बॅच, शाळेतून मुलांना आणायच्या आधीची आयांची बॅच, दुखापतीतून सावरणाऱ्यांचे छोटे गट, असं काहीही चालेल. पण ते तुम्ही स्वतः करून, भरून दाखवलेलं असावं.

वरच्या हिशेबात भाड्यावरचा आणि रॉयल्टीवरचा जीएसटी मी खर्चातच धरला आहे, आणि ते मुद्दाम. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि फिटनेस सेंटरच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण त्याबरोबर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी आपण भरायच्या जीएसटीतून वजा करण्याची सोय, गेलं. म्हणजे तुम्ही रॉयल्टीवर लावलेला १८ टक्के कर पार्टनरला कुठेच वळता करून घेता येत नाही. तुमच्या ७ टक्क्यांचं ओझं त्याच्यासाठी सव्वाआठ टक्क्यांचं होतं. साधनांवरही तेच. जुने हिशेब घेऊन पार्टनरसमोर बसलात, तर पहिल्याच बैठकीत त्याचा सीए हे दाखवून देईल.

आणखी एक. वार्षिक फी एकरकमी घेतली की खात्यात पैसा दिसतो, पण तो अजून तुमचा नसतो. बारा महिन्यांची सेवा देणं बाकी असतं. प्रत्येक वार्षिक फी बारा भागांत वाटूनच हिशेबात धरा. आगाऊ फीच्या पैशातून पुढची शाखा उभारण्याचा मोह या धंद्यात फार जणांना नडला आहे.

पायरी ३: तुमच्या मालकीचं नेमकं काय आहे?

व्यायाम तुमच्या मालकीचा नसतो. गरम खोलीतल्या योगवर्गांसाठी गाजलेल्या बिक्रम चौधरींच्या २६ आसनांच्या क्रमावर कॉपीराइट असू शकत नाही, असा निकाल अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. त्याआधी २००० साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने 'पिलाटेस' हा शब्द व्यायामप्रकाराचं सर्वसाधारण नाव आहे असं ठरवून त्यावरचा ट्रेडमार्क रद्द केला. तुमच्या ४५ मिनिटांच्या व्यायामक्रमाचीही तीच गत. शेजारच्या गल्लीत कुणीही उद्या ते सुरू करू शकतो.

मालकी येते ती नावावर, लोगोवर, लिहून काढलेल्या मॅन्युअलवर, चित्रित केलेल्या व्हिडिओंवर आणि ॲपवर. म्हणून ट्रेडमार्क आधी. फिटनेस प्रशिक्षणासाठी वर्ग ४१, टी-शर्ट विकणार असाल तर वर्ग २५, डाउनलोड करायचं ॲप असेल तर वर्ग ९. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये पडतात, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करता येतं.

परदेशासाठी भारत २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉल या ट्रेडमार्क नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे आणि संयुक्त अरब अमिराती डिसेंबर २०२१ च्या शेवटी त्यात आली. त्यामुळे भारतातल्या अर्जाच्या आधारावर एकाच अर्जात अमिराती, सिंगापूर, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया असे देश निवडता येतात. दोन बारकावे लक्षात ठेवा. भारतातला अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत परदेशी अर्ज केला तर मूळ तारखेचा अग्रहक्क मिळतो, म्हणजे तिथेही भारतातल्या अर्जाची तारीख धरली जाते. आणि पहिली पाच वर्षं आंतरराष्ट्रीय नोंदणी भारतातल्या नोंदणीवर अवलंबून असते. इथली पडली तर तिथलीही पडते, म्हणून इथल्या अर्जात घाईने चुका करू नका.

नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये वेगवेगळं नोंदवा. आखातात जायचं असेल तर ते अरबीत कसं लिहिलं जातं आणि त्याचा भलताच अर्थ होत नाही ना, हे तिथल्या जाणत्याला विचारा. परदेशी पार्टनर "मी इथे नोंदवून टाकतो, तुम्हाला त्रास नको" असं प्रेमाने म्हणेल. त्याचा हेतू कितीही चांगला असो, नोंदणी तुमच्याच कंपनीच्या नावाने झाली पाहिजे. नाव एकदा दुसऱ्याच्या नावावर गेलं की ते परत मिळवायला लागणारा पैसा त्या देशातल्या सगळ्या रॉयल्टीहून जास्त भरू शकतो.

पायरी ४: मॅन्युअल, म्हणजे तुमच्या डोक्यातलं कागदावर

पाचशे पानांची फाइल करू नका. नवा ट्रेनर बॅच सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी उघडेल असं काहीतरी हवं. क्लासचा मिनिटामिनिटाचा आराखडा लिहा: वॉर्म-अप किती, कोणत्या मिनिटाला आवाज चढवायचा, शेवटची चार मिनिटं काय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अडचणींची उत्तरं लिहा. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या बावन्न वर्षांच्या काकूंना स्क्वॉटऐवजी काय द्यायचं? बाळंतपणानंतर पहिल्यांदा आलेल्या मुलीला काय विचारायचं, आणि डॉक्टरचं पत्र कधी मागायचं? चक्कर आली तर पहिली दोन मिनिटं कोण काय करणार? पहिल्या दिवशी अंग चोरून कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला नावाने कधी हाक मारायची? लोक तुमच्याकडे टिकून राहतात ते या गोष्टींमुळे. त्या तुम्ही न बोलता करत आलात, म्हणून त्या लिहायला सगळ्यात अवघड जातात. उपाय साधा आहे. दहा क्लासचं रेकॉर्डिंग करा आणि ते बघत बघत दुसऱ्या कुणाला तरी लिहायला बसवा.

किती बांधून ठेवायचं, हा निर्णय मात्र तुमचा. क्रॉसफिट या अमेरिकी व्यायाम-ब्रँडने कमीत कमी बांधण्याचं टोक निवडलं. तिथे प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र मिळवून आणि वार्षिक फी भरून नाव वापरायचं, पण जागा, भाव, रोजचा व्यायाम ज्याचा त्याने ठरवायचा. सिडनीत सुरू झालेल्या एफ-४५ या फिटनेस साखळीने उलट रोजचा व्यायाम मुख्यालयातून थेट भिंतीवरच्या पडद्यांवर पाठवला. पहिल्या पद्धतीत पसरणं सोपं, पण दोन ठिकाणांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. दुसऱ्या पद्धतीत क्लास सारखा राहतो, पण ट्रेनरचं मन त्यात रमेलच असं नाही. मला विचाराल तर आराखडा आणि सुरक्षेचे नियम पक्के बांधावेत. बोलणं, गाणी, स्थानिक सण साजरे करणं ट्रेनरवर सोडावं.

मॅन्युअल जमलं का, हे कसं कळेल? दुसऱ्या जिममध्ये काम केलेला, तुमच्याकडे कधीही न आलेला ट्रेनर घ्या. त्याला मॅन्युअल आणि दोन आठवड्यांचं प्रशिक्षण द्या. मग रविवारच्या बॅचला त्याला उभं करा आणि जुन्या मेंबरांना नंतर विचारा, "आपला क्लास वाटला का?"

पायरी ५: गाव बदलून बघा

कोथरूडनंतर बाणेरला शाखा काढून फारसं कळत नाही. तिथे तुम्ही अर्ध्या तासात पोचता, गाडं अडलं की धावून जाता. नाशिक किंवा कोल्हापूर निवडा. भाडं वेगळं, लोकांच्या वेळा वेगळ्या, फीबद्दलची अपेक्षा वेगळी, आणि तुम्ही तीन-चार तास लांब. ही शाखा स्वतःच्या पैशाने काढा आणि किमान एक वर्ष चालवा.

हा केवळ माझा आग्रह नाही. चीनमध्ये फ्रँचायझी विकायची तर स्वतःच्या दोन शाखा किमान एक वर्ष चालवलेल्या असाव्या लागतात. सौदी अरेबियाच्या फ्रँचायझी कायद्यातही दोन ठिकाणी किंवा दोन व्यक्तींनी वर्षभर धंदा चालवल्याची अट आहे.

त्यानंतर भारतातच एक फ्रँचायझी द्या. एकच. पहिला पार्टनर निवडताना पैशापेक्षा त्याचा वेळ बघा. जो स्वतः रोज स्टुडिओत बसणार आहे, ज्याने सेवेचा एखादा धंदा आधी चालवला आहे, असा माणूस घ्या. "गुंतवणूक म्हणून घेतो, माणसं ठेवू" म्हणणाऱ्याला नम्रपणे थांबायला सांगा.

पायरी ६: करार

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, ट्रेडमार्क कायदा आणि करविषयक कायदे यांवरच सगळं चालतं. म्हणून करारात जे लिहाल तेच तुमचं संरक्षण. तरी एक मर्यादा आहे. करार कायद्याच्या कलम २७ मुळे, करार संपल्यावर पार्टनरने तसाच धंदा करू नये ही अट न्यायालयात सहसा टिकत नाही. त्यामुळे बंदीवर विसंबू नका. स्टुडिओचा फोन नंबर, गुगलवरचं पान, इन्स्टाग्राम खातं आणि मेंबरांचं सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून तुमच्या कंपनीच्या नावावर ठेवा. शक्य झालं तर, पार्टनर बाहेर पडल्यास जागेचा करार तुमच्याकडे वर्ग करता येईल असं कलम घरमालकाकडूनही मान्य करून घ्या.

रॉयल्टी नफ्यावर नको, जमा रकमेवर हवी, आणि पैसा तुमच्याच सॉफ्टवेअरमधून वसूल व्हावा. नफा किती झाला यावर वाद घालण्यात वर्षं जातात. हद्द ठरवताना किलोमीटर मोजू नका, संध्याकाळी सहा वाजता तिथे पोचायला लागणारी मिनिटं मोजा. साडेसातच्या बॅचसाठी पंचवीस मिनिटांपलीकडून फार कमी लोक येतात. ठराविक परताव्याची हमी कधीच देऊ नका, तोंडीसुद्धा नाही. आणि शाखा बंद पडली तर आगाऊ फी भरलेल्या मेंबरांचे पैसे कोण देणार, हे स्पष्ट लिहा. दारावर नाव तुमचं असतं, त्यामुळे लोक तुमच्याकडेच येतील. माझं मत असं की पार्टनरकडून दोन महिन्यांच्या जमा रकमेइतकी ठेव याचसाठी घेऊन वेगळ्या खात्यात ठेवावी.

पायरी ७: देश कोणता?

देश निवडताना कायद्याचा खर्च आधी बघा. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाप्रमाणे २३ मुद्द्यांचं माहितीपत्रक तयार करून सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी द्यावं लागतं. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत वेगळी नोंदणीही लागते. तिथल्या वकिलाचा खर्च तुमच्या पहिल्या एक-दोन फ्रँचायझींची सगळी प्रवेश फी (पार्टनरने सुरुवातीला एकदाच द्यायची रक्कम) खाऊ शकतो. ऑस्ट्रेलियात फ्रँचायझिंगची आचारसंहिता कायद्याने बंधनकारक आहे. मलेशियात १९९८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. ब्रिटन आणि सिंगापूरमध्ये वेगळा फ्रँचायझी कायदा नाही, तिथे करारावरच सारं उभं राहतं.

अमिरातीतही वेगळा फ्रँचायझी कायदा नाही, पण व्यापारी एजन्सीचा कायदा आहे. तुमचा करार तिथे एजन्सी म्हणून नोंदला गेला, तर पुढे पार्टनर बदलणं फार कठीण होऊ शकतं. करारात याबद्दल काय लिहायचं, हे दुबईतल्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

तरीही पहिल्या परदेशी शाखेसाठी मी दुबईच सुचवेन. विमानाने तीनेक तास, वेळेतला फरक दीड तासाचा. अडचण आली तर रात्री निघून सकाळच्या बॅचला उभं राहता येतं. पण तिथे मराठी माणसं भरपूर आहेत, एवढ्यावर भिस्त ठेवू नका. महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून पहिले तीस मेंबर मिळतील. दोनशे मिळवायचे तर केरळी नर्स, फिलिपिनो रिसेप्शनिस्ट, लेबनीज बँकर आणि इंग्लिश शिक्षिका या सगळ्यांना तो क्लास आपला वाटला पाहिजे. मॅन्युअलमधले मराठी विनोद तिथे उपयोगाचे नाहीत, पण नावाने हाक मारण्याची सवय नक्की उपयोगी पडेल.

तिथलं वेळापत्रकही वेगळं. रमजानमध्ये सकाळच्या बॅच ओस पडतात आणि इफ्तारनंतर रात्री गर्दी होते, म्हणून त्या महिन्याचा वेगळा तक्ता आधीच करा. उन्हाळ्यात, शाळांना सुट्टी लागली की अनेक कुटुंबं मायदेशी जातात. जुलै-ऑगस्टच्या तुटीची तरतूद भांडवलात धरा आणि मेंबरशिप थांबवून ठेवायची सोय द्या. फक्त महिलांसाठीच्या बॅच, त्यासाठी महिला ट्रेनर आणि बाहेरून न दिसणारी जागा, हे सुरुवातीच्या आराखड्यातच असू द्या. ट्रेनरला तिथल्या रेप्स यूएई या नोंदणीची गरज लागते, तेव्हा पुण्याहून कुणाला पाठवायचं असेल तर त्याची प्रमाणपत्रं आधी तपासा. संगीताचंही विसरू नका. पीपीएल किंवा आयपीआरएस या भारतातल्या संस्थांनी दिलेला गाणी वाजवण्याचा परवाना तिकडच्या स्टुडिओला लागू होत नाही.

आता, करार कुणाशी आणि कसला? पूर्ण देशाचे हक्क एकाच माणसाला देऊन टाकायचे, त्याने पुढे उप-फ्रँचायझी द्यायच्या, याला मास्टर फ्रँचायझी म्हणतात. सुरुवातीला मोठी रक्कम एकदम मिळते, म्हणून मोह होतो. चांगला मास्टर मिळाला तर चमत्कारही होतो. कर्व्हज ही महिलांसाठीची अर्ध्या तासाच्या व्यायामाची साखळी १९९२ मध्ये टेक्सासमध्ये सुरू झाली, काही वर्षांत हजारो ठिकाणी पसरली आणि अमेरिकेत तितक्याच वेगाने आक्रसली. जपानमध्ये मात्र ती रुजली, इतकी की २०१८ मध्ये जपानी कंपनीनेच मूळ कंपनी विकत घेतली. पण असा मास्टर ओळखायला अनुभव लागतो, आणि पहिल्या परदेशी करारावेळी तो तुमच्याकडे नसतो. म्हणून आधी एकाच शाखेची थेट फ्रँचायझी द्या. ती ठरलेले आकडे गाठेल तरच त्याच पार्टनरला त्या शहरात आणखी दोन-तीन शाखांचा हक्क, तारखांसकट, असं लिहा.

पायरी ८: पैसा देशात आणताना

परदेशातून येणारी रॉयल्टी कायद्याच्या अटी पूर्ण करत असेल, तर सेवेची निर्यात ठरते आणि तिच्यावर जीएसटीचा दर शून्य असतो. त्यासाठी दर आर्थिक वर्षी जीएसटी खात्याकडे लेटर ऑफ अंडरटेकिंग (निर्यातीच्या अटी पाळण्याचं हमीपत्र) भरायचं, पैसा परकीय चलनात बँकेतूनच घ्यायचा आणि बँकेचा पुरावा जपून ठेवायचा. अमिरातीत परदेशी पाठवलेल्या रॉयल्टीवर सध्या कर कापला जात नाही. इतर अनेक देशांत तो कापला जातो. दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार त्यासाठीच आहेत, आणि त्यांचा फायदा घ्यायचा तर टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे तुम्ही करासाठी भारताचे रहिवासी असल्याचा दाखला, लागतं. करारात रॉयल्टीचा आकडा कर कापण्याआधीचा की नंतरचा, हे एका वाक्यात लिहून टाका.

तुम्ही स्वतःही दुबईच्या कंपनीत भांडवल घालणार असाल, तर खेळ बदलतो. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेले परदेशी गुंतवणुकीचे नियम लागू होतात. सगळा व्यवहार अधिकृत बँकेमार्फत, ठरलेल्या मर्यादेत आणि दरवर्षी अहवाल देऊन. पहिल्या शाखेत पैसा घालू नका, असंच मी म्हणेन. मित्राच्या खात्यातून 'सोयीने' पैसे फिरवणं तर अजिबात नको.

आणि वेग आवरा. एफ-४५ कंपनी जुलै २०२१ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात १६ डॉलरच्या भावाने आली. वर्षभरात, जुलै २०२२ मध्ये, तिने नव्या फ्रँचायझींचा अंदाज मोठ्या प्रमाणात खाली आणला, प्रमुख पायउतार झाले, जवळपास निम्मे कॉर्पोरेट कर्मचारी कमी केले गेले आणि शेअर कोसळला. नव्या शाखा विकून मिळणाऱ्या पैशावर कंपनी चालवली की जुन्या शाखांकडे लक्ष देण्याचं कारणच कमी होत जातं. तुमच्या वहीत एक ओळ कायम ठेवा: या महिन्याचा आपला खर्च केवळ रॉयल्टीतून भागला का? प्रवेश फी त्यात मिळवायची नाही.

पायरी ९: उद्घाटनाच्या आधी आणि नंतर

दुबईच्या ट्रेनरना पुण्यात महिनाभर आणा. त्यांना फक्त क्लास शिकवू नका, पहाटे पाचला स्टुडिओ उघडायला लावा, डेस्कवर बसवा, रिन्युअलचे फोन करायला लावा. उद्घाटनाआधी आठ आठवडे ट्रायल क्लास सुरू करा, मग ते बागेत का होईना, आणि ८० जणांची आगाऊ नोंदणी झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. तुमचा एक अनुभवी ट्रेनर पहिले सहा आठवडे तिथे राहील. त्याचा व्हिसा, राहणं आणि पगार कुणी द्यायचा, हे करारात आधीच आलेलं असू द्या.

मग दर सोमवारी पाच आकडे मागवा: ट्रायल, नवे मेंबर, रिन्युअल, बॅचनिहाय हजेरी, दुखापतीच्या नोंदी. महिन्याला दोन क्लासचं पूर्ण रेकॉर्डिंग बघा, अर्थात मेंबरांची संमती घेऊन. हजेरी सलग तीन आठवडे घसरली तर पार्टनरच्या फोनची वाट बघू नका, आपण फोन करा. रॉयल्टी तो याच मदतीसाठी देतो.

शंभर दिवस झाले की स्वतः जा. सत्कार नको, फोटो नको. सकाळच्या बॅचला साध्या मेंबरसारखे मागच्या रांगेत उभे राहा आणि पूर्ण ४५ मिनिटं घाम गाळा. त्या कोपऱ्यात कुणी तरी पहिल्यांदाच आलेलं, अंग चोरून उभं असेल. ट्रेनर तिच्यापाशी कितव्या मिनिटाला पोचतो, ते घड्याळात बघा आणि वहीत लिहा. दुसऱ्या शाखेचा हक्क द्यायचा की नाही, हे ठरवताना बाकीच्या आकड्यांशेजारी हाही आकडा ठेवा.